यशवंतपूर ते कोल्हापूर : एका अंतराचा इतिहास

दोन गावांमधील अंतर ही कायमची ठरलेली वस्तू आहे, असे शाळेच्या भूगोलात शिकवितात. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसाचा मात्र त्यावर फारसा विश्वास बसत नाही. त्याने प्रवासभत्त्याची बिले भरलेली असतात. 'सर्वांत जवळचा मार्ग' या तीन शब्दांवर हिशेबखात्याशी त्याचा पत्रव्यवहार झालेला असतो. रजेच्या अर्जात जाण्यायेण्याचे दिवस वेगळे मांडताना त्याला कळून चुकलेले असते की, आपले गाव किती दूर आहे याचे उत्तर मैलांत नसून दिवसांत आहे, आणि ते उत्तर दर पिढीला बदलते. या नियतकालिकाच्या वाचकांपैकी बहुतेकांनी मुलुख सोडून चाकरी केली आहे. तेव्हा एका विशिष्ट अंतराचा इतिहास त्यांच्यापुढे ठेवला, तर तो अगदीच अनाठायी वाटणार नाही, अशी आशा आहे.

हे अंतर म्हणजे बंगळूरच्या यशवंतपुरापासून कोल्हापूरपर्यंतचे. यशवंतपूर निवडण्याचे कारण सरळ आहे. प्रस्तुत लेखकाचे बिऱ्हाड गेली पंचेचाळीसहून अधिक वर्षे तेथे आहे. नाव ऐकून नवा आलेला मराठी माणूस सुखावतो आणि कोणत्या यशवंतरावाचे हे पूर, म्हणून चौकशी करू लागतो. नावाच्या उगमात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. त्या गावाची मराठी मुलखाशी असलेली खरी सोयरीक पाहावयाची असेल, तर पहाटे तेथल्या मार्केट यार्डात जावे. महाराष्ट्रातून आलेले कांद्याचे ट्रक रांगेने उभे असतात, आणि चहाच्या गाड्यावर अस्सल घाटी मराठी कानांवर पडते. एका अंगाला रेल्वेचे जंक्शन, दुसऱ्या अंगाला जमशेटजी टाटांच्या देणगीतून १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था, आणि उत्तरेस जालहळ्ळीचा विमानदलाचा तळ. या तिन्ही शेजाऱ्यांचा आपल्या कथेशी संबंध येणार आहे.

आधी आकडे सांगून टाकतो. बंगळूरचा आजचा विमानतळ देवनहळ्ळीजवळ आहे. तेथून बेळगावच्या सांबरे विमानतळापर्यंत सरळ आकाशरेषेने सुमारे ४४५ किलोमीटर भरतात. कोल्हापूरच्या उजळाईवाडीपर्यंत सुमारे ५३०. पुण्याच्या लोहगावपर्यंत सुमारे ७२०. वैमानिक हीच अंतरे सागरी मैलांत मोजतात, त्यामुळे ती अनुक्रमे २४०, २८७ आणि ३९० च्या आसपास येतात. रेल्वेने मात्र बंगळूर ते मिरज हाच प्रवास साडेसातशे किलोमीटरांचा आहे, कारण लोहमार्ग तुमकूर, अरसिकेरे, दावणगेरे, हरिहर, हुबळी, धारवाड, लोंढा, बेळगाव अशी सर्वांची विचारपूस करीत जातो. पाखराने जावे तसे जाणे माणसाला फार उशिरा जमले.

या वाटेवरचा पहिला मोठा मराठी प्रवासी म्हणजे शहाजीराजे भोसले. विजापूरच्या आदिलशाहीने १६३८ साली रणदुल्लाखानाच्या हाताखाली कर्नाटकावर जी मोहीम काढली, तीत केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले गेले, आणि ते ठाणे शहाजीराजांकडे आले. बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा मुलुख त्यांच्या अमलाखाली होता, आणि पुणे-सुप्याची जहागीरही त्यांचीच होती. जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू'त या दरबाराचे वर्णन केले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली तो ग्रंथ छापून काढला, तेव्हा अनेक भाषांतील कवी ज्याच्या पदरी होते असा एक मराठी सरदार कावेरीच्या मुलखात किती ऐश्वर्याने नांदत होता, याची महाराष्ट्राला नव्याने ओळख झाली. थट्टेने बोलावयाचे तर, बदलीवर गेलेला आणि बदलीच्या गावीच रमलेला हा आपला आद्य अधिकारी.

पण या थट्टेच्या पोटात एक गंभीर गोष्ट आहे. जिजाबाई आणि बाल शिवाजी १६४० च्या सुमारास बंगळूरला येऊन राहिले, आणि थोड्याच काळाने पुण्यास परतले. त्यानंतर एका कुटुंबाच्या दोन चुली झाल्या : एक मुठेकाठी, एक कर्नाटकात. त्या दोन चुलींमध्ये वाटेने पाहिले तर आजच्या हिशेबाने सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटर होते. कोस म्हणजे स्थूलमानाने दोन मैल धरला, तर हे झाले अडीचशेहून अधिक कोस. सरंजाम, बाजारबुणगे आणि बैल घेऊन निघालेल्या सरदाराने रोज पाच कोसांची मजल मारली, तरी पन्नासावर मुक्काम पडत. नद्यांना पूर आला की मुक्काम वाढे. तुंगभद्रा, मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा, नीरा या सर्व नद्या आडव्या, आणि पावसाळ्याचे चार महिने या हिशेबात धरावयाचेच नाहीत. म्हणजे बापलेकांची भेट हा वर्षभराच्या बेताचा विषय होता. शिवाजीमहाराजांच्या स्वतंत्र वृत्तीची कारणे इतिहासकारांनी अनेक सांगितली आहेत; बाप पन्नास मुक्कामांवर असणे हेही मी त्यांत एक मानतो.

शहाजीराजांचा अंत २३ जानेवारी १६६४ रोजी झाला. चन्नगिरीजवळच्या होदिगेरे गावाच्या रानात शिकारीमागे धावताना घोडा अडखळला आणि राजे पडले. त्यांची समाधी अजून तेथे आहे. दावणगेऱ्यापासून ती जागा फार दूर नाही. बंगळूर-मिरज गाडीने आपण त्या मुलखाजवळून रात्री झोपेत निघून जातो. होदिगेरे ते राजगड ही आकाशरेषा पाचशे किलोमीटरांच्या थोडी वर भरते, म्हणजे आजच्या बंगळूर-कोल्हापूर विमानाच्या पल्ल्याएवढीच. त्या वेळी महाराज सुरतेची मोहीम आटोपून परतीच्या वाटेवर होते. बापाचा देह होन्नाळी-चन्नगिरीच्या रानात अग्नीच्या स्वाधीन झाला, तेव्हा मुलाच्या हातात सुरतेचे धन होते आणि मनात घरी जाऊन सांगावयाची विजयाची वार्ता. राजगडावर त्यांना गाठले ते या दुसऱ्याच वार्तेने. जिजाबाई सती जाण्यास निघाल्या आणि महाराजांनी त्यांच्या गळ्याला मिठी घालून त्यांना परावृत्त केले, असे बखरकार सांगतात. त्या काळी बातमी आणि माणूस एकाच वेगाने चालत. बातमी म्हणजेच कोणीतरी घोड्यावरून, सांडणीवरून किंवा पायी आलेला माणूस. पुढे हे दोन वेग वेगळे झाले, आणि त्यातून एक नवेच दुःख निर्माण झाले. त्याकडे आपण येऊच.

बंगळूर मराठ्यांच्या हातून १६८७ साली गेले. औरंगजेबाचा सरदार कासीमखान याने ते घेतले, आणि तीन लाखांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले. त्यानंतर शंभर वर्षांनीही या वाटेवर मराठी फौजा दिसतात. हा प्रसंग विशेष सांगण्यासारखा आहे, कारण त्यात अंतराने एका सेनापतीची शब्दशः फसवणूक केली.

टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे असा त्रिवर्ग एकत्र आला होता. परशुरामभाऊ पटवर्धन यांनी धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून तो अनेक महिन्यांनी, एप्रिल १७९१ मध्ये घेतला. इकडे कॉर्नवॉलिसने मार्चमध्येच बंगळूर जिंकले होते, आणि तो श्रीरंगपट्टणावर चालून गेला. मे महिन्यात तो राजधानीसमोर पोहोचला खरा, पण पाऊस लागला, बैल मेले, धान्य संपले. मराठे येणार होते. पण कोठे आहेत, किती मजला दूर आहेत, याचा एक शब्दही त्याच्यापर्यंत येईना. टिपूच्या स्वारांनी मधले सर्व जासूद आणि हलकारे कापून काढले होते. अखेर निरुपायाने कॉर्नवॉलिसने आपल्या मोठ्या वेढ्याच्या तोफा स्वतःच्या हातांनी फोडून टाकल्या आणि परतीची वाट धरली. एक मजल होते न होते तोच दूरवर घोडदळ दिसले. इंग्रजांनी शत्रू समजून लढाईची तयारी केली. तो शत्रू नव्हता. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ आपल्या फौजा आणि भरलेला बाजार घेऊन आले होते. दोन दिवसांच्या अंतरावर मदत होती, आणि ती आहे हे ठाऊक नसल्यामुळे तोफा मातीस मिळाल्या. उपाशी पलटणींनी मग मराठ्यांच्या बाजारातून मिळेल त्या भावाने धान्य घेतले. भाव अर्थातच कोकणस्थी काटेकोरपणाने लावले होते, अशी इंग्रजांची तक्रार आहे असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो मोह मी आवरतो.

या पटवर्धनांची घराणी मिरज, सांगली, तासगाव, जमखिंडी या भागातली. कर्नाटकातून त्यांनी घरी पाठविलेली पत्रे मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी आपल्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापली. ती वाचताना लढायांइतकीच दुसरी एक गोष्ट वारंवार जाणवते : पत्राची वाट पाहणे. पत्र निघाले त्या तिथीची हकीकत पत्र वाचले जाईपर्यंत जुनी झालेली असे. घरच्यांना ती कळे तेव्हा लिहिणारा पुढच्या मुक्कामावर पोहोचलेला असे. परमुलखात चाकरी केलेल्या कोणालाही हा अनुभव ओळखीचा वाटेल.

आता मिरज हे नाव आलेच आहे, तर रेल्वेकडे वळू. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ साली निघाली. तिच्या नावात मराठा असला तरी कारण कापूस आणि दुष्काळ हे होते. १८७६-७८ च्या दुष्काळात दक्षिण मराठी मुलखात धान्य वेळेवर पोहोचविता आले नाही, माणसे मेली, आणि मग सरकारला रुळांची निकड पटली. बंगळूरकडून १८८४ साली तुमकूरपर्यंत आणि १८८९ पर्यंत हरिहरापर्यंत रूळ आले. पुण्याकडून लोंढ्यापर्यंतचा मार्ग १८९० च्या सुमारास पुरा झाला. कोल्हापूर संस्थानाने आपला मिरजेपर्यंतचा फाटा १८९१ साली सुरू केला. हे सर्व रूळ एक मीटर रुंदीचे. पन्नास मुक्कामांची वाट अशा रीतीने दोन रात्रींच्या आत आली. यशवंतपूरहून हिंदुपूरकडे दुसरा मार्ग फुटला आणि गावाच्या नावापुढे जंक्शन लागले.

मौज अशी की, रेल्वे वाढली तसे मिरजेचे महत्त्व प्रवाशाच्या मनात एका विचित्र तऱ्हेने वाढले. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद झाला, पण मिरजेच्या दक्षिणेकडचा रूळ अरुंदच राहिला. तो रुंद होण्यास १९९० नंतरचे दशक उजाडावे लागले. मधली वीस-पंचवीस वर्षे मिरजेला सर्वांनी उतरावयाचे, वळकटी, ट्रंक आणि मुले सांभाळीत जिना चढावयाचा, आणि समोरच्या फलाटावर दुसरी गाडी आहे की गेली हे पाहावयाचे. अरुंद गाडीला उशीर झाला की रुंद गाडी निघून गेलेली असे. बंगळूर, हुबळी, धारवाड येथे नोकरी केलेल्या मराठी माणसांच्या दोन पिढ्या या एका फलाटाच्या आठवणी काढतात. कुटुंबात पत्र लिहिण्याची रीतही ठरून गेली होती : 'मिरजेला गाडी मिळाली, सुखरूप पोहोचलो.'

येथे थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. १९७८ च्या श्रावणात, दुपारी तीनच्या सुमारास कचेरीत माझ्या नावे तार आली. वडिलांचे अत्यवस्थ असल्याची ती तार कोल्हापूरहून त्याच सकाळी निघाली होती. साहेबांनी रजेच्या अर्जावर न वाचता सही केली. रात्रीच्या गाडीत यशवंतपूरला चढलो तेव्हा उभे राहण्यापुरती जागा मिळाली. सकाळी हरिहरच्या पुढे तुंगभद्रा दुथडी भरून चाललेली पाहिली. लोंढ्याला गाडी उगाच खोळंबली. मिरजेला पोहोचलो तेव्हा कोल्हापूरची गाडी निघून गेली होती. पुढचे पन्नास किलोमीटर एका मालमोटारीत, गुळाच्या ढेपांवर बसून काढले. घरी पोहोचलो तेव्हा अंगण सारवून झाले होते. धाकट्या भावाने अग्नी दिला होता. पावसामुळे थांबता आले नाही, असे चुलते हळू आवाजात म्हणाले. तार सहा तासांत आली होती; मला तीस तासांच्या वर लागले. बातमी आणि माणूस यांचे वेग वेगळे झाल्याने निर्माण झालेले दुःख मी वर म्हटले ते हेच. शहाजीराजांची वार्ता राजगडी पोहोचली तेव्हा कोणालाही वाटले नसेल की, थोडी घाई केली असती तर भेट झाली असती. आम्हाला ते वाटते, कारण तारेने आम्हाला आधी कळविलेले असते.

त्या दिवशी आकाशातून जाणे शक्य होते काय, हा प्रश्न मला पुढे बरीच वर्षे सतावीत राहिला, आणि त्यापायी मी विमानांचा इतिहास वाचू लागलो. तो थोडक्यात असा.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एका छोट्या पस मॉथ विमानातून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल मद्रासकडे नेले. त्या विमानाचा वेग ताशी सुमारे शंभर मैल. रात्री उडण्याची सोय नव्हती, म्हणून वाटेत बळ्ळारीला मुक्काम करावा लागला. संडूरच्या घोरपड्यांच्या संस्थानाला लागून असलेले हे गाव अशा रीतीने भारतीय विमानवाहतुकीचा पहिला रात्रीचा मुक्काम ठरले. नकाशावर मुंबई-बळ्ळारी रेषा ओढून पाहा : ती सह्याद्री ओलांडून कृष्णाखोऱ्यावरून, थेट आपल्या मराठी मुलखाच्या डोक्यावरून जाते. टपाल वरून जात होते. खाली उतरण्यासारखे मात्र काही नव्हते.

उतरण्याजोग्या जागा पुढच्या दहा वर्षांत झाल्या. कोल्हापूरला राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली विमानतळ सुरू झाला. बेळगावजवळ सांबरे येथे १९४२ साली ब्रिटिश विमानदलाने युद्धातील शिक्षणासाठी धावपट्टी बांधली. दोन्ही माळांमध्ये आकाशमार्गाने शंभर किलोमीटरांहूनही कमी अंतर. आणि बंगळूरला २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदली गेली. ती काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. जहाजांच्या धंद्यात इंग्रज कंपन्यांशी झुंजलेल्या या गृहस्थांची १९३९ साली विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली, आणि बोलता बोलता हिंदुस्थानात विमाने बांधण्याची कल्पना निघाली. ब्रिटिश सरकारचा उत्साह बेताचाच होता. म्हैसूर दरबाराने आणि दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जागा व भांडवल देऊन ती कल्पना उचलून धरली. १९४२ साली युद्धाच्या निकडीने कारखान्याचा कारभार सरकारने हाती घेतला. वालचंदांचा संबंध सुटला. सोलापूरच्या माणसाने बंगळूरच्या पूर्वेच्या माळावर रोवलेले ते रोप पुढे केवढे वाढले, हे सर्वांना ठाऊक आहे.

त्या कारखान्यात आरंभापासून असलेले एक नाव महाराष्ट्राने जितके लक्षात ठेवावयास हवे होते तितके ठेवलेले नाही. डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्याचे. जन्म १९०८ चा. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. प्रांटल म्हणजे विमानाच्या पंखाजवळून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचे शास्त्र ज्यांनी उभे केले ते. हवेचा मुख्य प्रवाह सरळ निघून जातो, पण पृष्ठभागाला चिकटलेला थर मंदावतो, आणि पंखाचे सारे सुखदुःख त्या मंदावलेल्या थरावर अवलंबून असते, असे ते शास्त्र सांगते. घाटगे परत आले ते अखेर बंगळूरला. १९४० साली ते नव्या कारखान्यात रुजू झाले. १९४२ च्या अखेरीस यशवंतपूरशेजारच्या विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग निघाला, तेव्हा तो उभा करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. संध्याकाळी फिरावयास निघालो की मी त्या संस्थेच्या कुंपणाजवळून जातो. आत गुलमोहर, नीलमोहर यांच्या सावलीत वाऱ्याच्या बोगद्याची इमारत आहे. मुंबईच्या टाटांनी काढलेली संस्था, सोलापूरच्या शेटजींचा कारखाना आणि कोल्हापूरकडचा शास्त्रज्ञ हे तिघे कानडी मुलखात एकत्र आले, आणि तेथून देशाचे पहिले स्वतःचे शिकाऊ विमान निघाले.

त्याचे नाव एचटी-२. घाटगे यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेले हे दोन आसनी विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. पुढे पुष्पक, कृषक आणि १९६४ साली किरण हे जेट विमानही त्यांच्या देखरेखीखाली झाले. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण माझे कुतूहल वेगळेच आहे. एचटी-२ चा प्रवासी वेग ताशी १८५ किलोमीटर, आणि एका दमात जाण्याचा पल्ला साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास. बंगळूरच्या जुन्या विमानतळापासून कोल्हापूरची धावपट्टी जवळजवळ बरोबर तितक्याच अंतरावर! म्हणजे घाटगे यांचे विमान त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यापर्यंत इंधनाच्या अखेरच्या थेंबावर पोहोचले असते. शहाणा वैमानिक अर्थातच सांबऱ्याला उतरून टाकी भरून घेता. तरीही सारा प्रवास साडेतीन तासांच्या आत होता. असा प्रवास कोणी केला किंवा नाही, हा प्रश्न गौण आहे. १९५१ नंतर विमान होते, दोन्ही टोकांस माळ होते, माणसे होती. नव्हती ती गरजवंताला परवडेल अशी सोय.

मधल्या काळात विमाने मोठ्या शहरांची झाली. १९४९ साली रात्रीच्या हवाई टपालाची योजना निघाली, तिचे मध्यस्थान मात्र आपले नागपूर होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारी दिशांहून विमाने मध्यरात्री सोनेगावला उतरत, पिशव्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत चारी विमाने आपापल्या घरी परत. मिरजेच्या फलाटाचीच ही आकाशातील आवृत्ती, फक्त येथे दुसरी गाडी थांबून राहत असे! १९५३ साली खासगी कंपन्या एकत्र करून सरकारी महामंडळे झाली. कोल्हापूर आणि सांबरे यांच्या वाट्यास मधूनमधून विमान आले आणि मधूनमधून बंद पडले. कोल्हापूरची धावपट्टी दीर्घकाळ १३७० मीटरच राहिली. मोठे विमान तेथे उतरू शकत नव्हते, आणि लहान विमान कोणास परवडत नव्हते.

२०१६ साली केंद्र सरकारने नवे विमानवाहतूक धोरण आखले आणि छोट्या गावांसाठी 'उडान' योजना जाहीर केली. तिच्यातला मुख्य मुद्दा आपल्या विषयाचा गाभाच आहे. सुमारे पाचशे किलोमीटर, म्हणजे विमानाने एक तास, एवढ्या प्रवासास अर्ध्या जागांपुरते अडीच हजार रुपयांच्या आसपास भाडे, आणि तूट सरकारने भरून द्यावयाची. अंतर आणि वेळ यांचा प्रश्न प्रथमच सरकारी कागदावर एका वाक्यात आला. या योजनेचे चमत्कारही झाले. बेळगावला २०१७ साली नवी इमारत झाली, धावपट्टी १८३० मीटरवरून २३०० मीटर लांब झाली, आणि लगेच पुढच्या वर्षी तिथली विमाने शेजारच्या हुबळीला गेली, कारण हुबळी योजनेत होती आणि बेळगाव नव्हते! २०१९ च्या फेरीत बेळगावचा समावेश झाल्यावर ती परतली. कोल्हापूरला डिसेंबर २०१८ मध्ये बंगळूरची आणि हैदराबादची विमाने सुरू झाली. ती सत्तर आसनांची, पंख्यांची. आखूड धावपट्टीवर उतरू शकणारी.

वेळापत्रकात ती दीड तासाची गोष्ट होती. तितका वेळ का लागावा, असे मी एका निवृत्त वैमानिकाला विचारले. ताशी पाचशे किलोमीटर वेग आणि ५३० किलोमीटर अंतर, म्हणजे तासाच्या थोडे वर. त्याने हसून सांगितले की, वेळापत्रक विमान हवेत किती वेळ असते ते सांगत नाही. चाकांखालचे अडसर काढल्यापासून दुसऱ्या टोकास ते पुन्हा घालेपर्यंतचा तो काळ असतो. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटणे आले, रांगेत थांबणे आले, सावकाश चढणे आणि उतरणे आले. सरळ आकाशरेषेने कोणी जाऊ देत नाही, ठरलेल्या हवाई वाटांनी जावे लागते. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून जातानाची वेळ येतानापेक्षा जास्त. आणि यशवंतपूर ते देवनहळ्ळी हा तीस किलोमीटरांच्या वरचा रस्ता सकाळच्या गर्दीत कधी कधी विमानाच्या बरोबरीने वेळ खातो, हे मी त्यात जोडले. ज्या टिपूच्या स्वारांनी कॉर्नवॉलिसची बातमी अडवली, त्याचे देवनहळ्ळी हे जन्मगाव. वाहतूक अडविण्याची परंपरा तेथे अजून चालू आहे, असे टॅक्सीत बसून घड्याळ पाहताना मनात येते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये भावाचा फोन आला. आईने अन्न सोडले होते. तिचे वय ब्याण्णव. तार खात्याने २०१३ सालीच शेवटची तार पाठविली होती. आता बातमीला सहा तासही लागत नव्हते. मुलीने दोन तिकिटे काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे यशवंतपूरहून निघालो. विमान लहान होते, आणि फार उंचावरून जात नव्हते. खिडकीतून तुंगभद्रा दिसली, उन्हाळ्याच्या तोंडाची, वाळूत दोन-तीन धारा झालेली. होदिगेरे तेथून डावीकडे कोठेतरी मागे राहिले असावे. नंतर उसाची हिरवी चौकटी शेते सुरू झाली आणि विमान खाली येऊ लागले. उजळाईवाडीला उतरून पन्हाळ्याच्या रस्त्यावरील आमच्या गावी पोहोचलो, तेव्हा अजून उन्हे अंगणात होती.

आई जागी होती. तिने मला ओळखले. कधी निघालास, असे विचारले. सकाळी, म्हणून सांगितले. तिचा विश्वास बसला नाही. आदल्या रात्रीच्या गाडीने निघून मी तिला बरे वाटावे म्हणून तसे सांगतो आहे, असे तिला वाटले असावे. बराच वेळ ती माझा हात धरून होती. मग डोळे न उघडता म्हणाली, "मिरजेला गाडी लगेच गावली काय रे?"

"गावली," मी म्हणालो.